उभ्या गाडीचे पेट्रोल

आईने फोनवर एवढेच सांगितले होते की गाडी थरथरते. मी विचारले, चालताना की उभी असताना? ती म्हणाली, "उभीच असती ना ती. चालवतंय कोण?"

वडिलांना जाऊन तेव्हा वर्ष होत आले होते. गारखेड्यातल्या आमच्या घरासमोर, पत्र्याच्या शेडखाली, त्यांची पांढरी छोटी गाडी जिथल्या तिथे होती. मी पुण्यात रसायनशास्त्रातले संशोधन संपवून परदेशातल्या एका प्रयोगशाळेत रुजू होणार होते आणि त्याआधीचे काही आठवडे आईजवळ राहायला आले होते. आई आता एकटी राहणार होती. त्याबद्दल आम्ही दोघीही काही बोलत नव्हतो. बोलत होतो ते गाडीबद्दल.

गाडीचा प्रश्न काकांनी उभा केला होता. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. देवगाव रंगारीला शेती करतात. गाडी मला द्या, असे ते आईला दोनदा म्हणाले होते. हाव म्हणून नव्हे, गाडीच्या काळजीने. "वहिनी, उभी गाडी मरती. माझ्याकडं निदान पळंल तरी. म्हातारपणी दवाखाना आहे, कन्नडचा बाजार आहे." आईने नाही म्हटले नाही आणि हो पण म्हटले नाही. मी घरी पोचले त्या संध्याकाळी तिने आपला निर्णय सांगितला, तोही भाजी निवडता निवडता, मान वर न करता.

"तू नीट करून दे. नीट झाली तर मी ठेवणार. नाय झाली तर नेऊ दे त्यांना."

"ठेवून काय करणार आहेस?"

"ठेवणार."

मी होकार दिला. कारण शोधणे हे माझे शिक्षण आहे आणि ज्याचे कारण सापडते ते दुरुस्त होते, यावर तेव्हा माझा विश्वास होता. शिवाय जाण्याआधी आईसाठी करता येण्याजोगी, पुरी करता येण्याजोगी अशी ती एकच गोष्ट मला दिसत होती.

तिसऱ्या दिवशी, ऊन वर आल्यावर, मी बॉनेट उघडले आणि इंजिन चालू केले. निरोगी इंजिन उभ्या जागी चालते तेव्हा त्याचा आवाज एकसंध असतो; फेरे दाखवणारा काटा एका ठिकाणी स्थिर राहतो. इथे काटा खाली जात होता, इंजिन बंद पडते की काय असे वाटेपर्यंत जात होता आणि मग दचकल्यासारखा वर येत होता. स्टिअरिंग हाताखाली कापत होते. आरशाला लटकवलेली रुद्राक्षांची माळ सारखी हलत होती. ॲक्सिलरेटरवर किंचित पाय ठेवला की सगळे सुरळीत होई आणि पाय काढला की पुन्हा तेच.

आई स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. "आधी असा आवाज नव्हता," ती म्हणाली. "आधी कसा सलग यायचा."

इंजिनाला चालायला तीन गोष्टी लागतात: हवा, पेट्रोल आणि ठिणगी. आयडलिंग, म्हणजे इंजिनाचे उभ्या जागी चालणे, बिघडले म्हणजे या तिन्हींपैकी एकीचे प्रमाण किंवा वेळ चुकली. मी कागद न घेता मनातच शक्यता मांडल्या आणि सोप्यापासून सुरुवात केली. माझा पहिला संशय हवेवर होता. इंजिनात हवा नेणाऱ्या रबरी नळीला उन्हाने चीर जाते आणि न मोजलेली हवा आत शिरते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रबर टिकत नाही. मी साबणाचे पाणी करून चालू इंजिनाच्या नळ्यांच्या सांध्यांवर फवारले. चीर असती तर पाणी ओढले जाऊन आवाज बदलला असता. बदलला नाही. मग मी स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लहानसा स्कॅनर जोडला आणि मोबाइलवर आकडे पाहिले. मिसफायर होता, म्हणजे पेट्रोल पेटायचे मध्येच चुकत होते, पण एका सिलिंडरमध्ये नव्हता. आलटून पालटून सगळ्यांतच होता. आणि मिश्रणात हवा जास्त नव्हती, उलट पेट्रोल जास्त होते. माझा पहिला तर्क तिथेच संपला. मला त्याचे वाईट वाटले नाही. चुकलेला तर्क शोधाचा परिसर लहान करतो.

दुपारी वडिलांचे मेकॅनिक आले. त्यांचे गॅरेज आमच्या घरापासून जवळच आहे, आणि वडील असताना ते ईदला शीरखुर्म्याचा डबा घेऊन आणि दिवाळीनंतर फराळाचा डबा परत करायला येत असत. वडिलांना ते साहेब म्हणत, आईला भाभी. शेडखाली येऊन त्यांनी आधी बॉनेटवर हात ठेवला, मग इंजिन चालू करून डोळे मिटून ऐकले.

"मिसिंग मार रई, बेटा. कॉइल गई समझो."

"कॉइल गेली असती तर एकच सिलिंडर बंद पडला असता, चाचा. इथं सगळेच अधूनमधून चुकतायत." मी मोबाइल दाखवला.

त्यांनी मोबाइलकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "साहब की बेटी है, बहस तो करेगी." मग आईकडे वळून म्हणाले, "भाभी, पोरीला फॉरेनला कशाला पाठवता? माझ्या दुकानावर बसवा. गिऱ्हाईक घाबरून बिल देतील."

आई हसली. मी घरी आल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती.

तरी त्यांनी ठिणगीला वीज देणाऱ्या एकेका कॉइलचे कनेक्शन काढून पाहिले. चांगल्या सिलिंडरचे कनेक्शन काढले की इंजिन लगेच लंगडते. ज्याचे काढून काहीच फरक पडत नाही, तो दोषी. इथे प्रत्येक वेळी सारखाच, थोडासा फरक पडला. "हौ," ते म्हणाले, "तुम बराबर बोली. सब के सब थोड़े थोड़े बीमार हैं." म्हणजे कारण सगळ्यांना समान होते. आम्ही ठिणगी पाडणारे प्लग काढायचे ठरवले.

चारही प्लग जुन्या वर्तमानपत्रावर ओळीने ठेवले. त्यांच्या टोकांवर कोरडी, मखमली काजळी होती. बोटाने पुसली तर बोट काळे झाले. तेल जळाले असते तर थर चिकट असता. हा पेट्रोलचा होता, अर्धवट जळलेल्या पेट्रोलचा. चाचांनी इंजिन ऑइल घालायच्या तोंडाचे झाकण उघडून माझ्यापुढे धरले. आतल्या बाजूला पांढुरकी, सायीसारखी चिकट खळ जमली होती. इंजिन पुरेसे न तापता बंद होत राहिले की आतली वाफ बाहेर पडत नाही, तेलात मिसळते आणि अशी साय धरते. तेल मोजायच्या डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत होता.

"ये गाडी बहुत चालू हुई है," चाचा हळू आवाजात म्हणाले, "मगर गई कहीं नहीं."

मी आईला विचारले. ती कोथिंबीर निवडत पायरीवर बसली होती. "मध्येमध्ये लावते ना. बॅटरी उतरू नाय म्हणून. तुझे बाबाच म्हणायचे, उभ्या गाडीची बॅटरी उतरती."

मध्येमध्ये. या उत्तरात काही चूक नव्हती, पण ते प्लगवरच्या थराशी जुळत नव्हते. आठवड्यातून एकदा लावलेल्या गाडीला वर्षभरात एवढी काजळी धरत नाही. मी ते उत्तर बाजूला ठेवले.

त्या संध्याकाळी मी गाडीत बसून डॅशबोर्ड पाहत होते. वडिलांची एक सवय होती. टाकी नेहमी पूर्ण भरायची, आणि पंपावरून हलण्याआधी ट्रिप मीटर शून्यावर आणायचे, म्हणजे एका टाकीत किती अंतर झाले ते कळे. लहानपणी ते बटण दाबायचा मी हट्ट धरत असे. शेवटची टाकी त्यांनी गावी जायचे म्हणून भरून आणली होती, आदल्या संध्याकाळी. पहाटे त्यांच्या छातीत दुखू लागले आणि गावी आम्ही गेलो ते त्यांना घेऊन, दुसऱ्या वाहनातून. ट्रिप मीटरवर अजून तेवढेच अंतर होते, पंपापासून घरापर्यंतचे. पेट्रोलचा काटा मात्र लाल रेषेला टेकला होता.

सगळी टाकी या शेडखाली जळाली होती.

गाडीतून उतरले तेव्हा शेजारच्या काकू कुंपणापलीकडे कपडे काढत होत्या. त्यांना बोलायला निमित्त लागत नाही.

"काय गं, गाडी बिघडली का? दोन दिवस सकाळी आवाज नाय. माझी तर गडबडच उडाली. यांचा डबा उशिरा झाला."

"कसला आवाज, काकू?"

"अगं, तुझी आई गाडी लावती ना सकाळच्याला. आम्ही त्याच्यावरच उठतो. मी यांना म्हणते, उठा, भाऊजींची गाडी लागली." आपण काय बोललो ते लक्षात येऊन त्या थांबल्या. "म्हणजे आपलं, सवयीनं. लई वर्षं ऐकलेला आवाज ना."

"रोज लावते?"

"रोज तर. तू आलीस तशी बंद झाली. तू झोपलेली असतीस म्हणून नसंल लावत."

मी आत गेले नाही. शेडखाली उभी राहून मी एक भागाकार केला: एक टाकी, आणि वर्षातले दिवस. उभ्या इंजिनाला ताशी किती पेट्रोल लागते याचा अंदाज मला होता. उत्तर आले ते साधारण एका चहाच्या वेळाएवढे.

मग ते सगळे मला दिसले, आणि ते मी लहानपणापासून पाहत आले होते. वडील वाळूजच्या कारखान्यात जात. सकाळी अंघोळ झाली की ते आधी बाहेर जाऊन गाडी चालू करत, ती तशीच चालू ठेवून आत येत आणि ओट्याशेजारच्या स्टुलावर बसून चहा पीत. त्या वेळात आई त्यांच्या डब्याच्या पोळ्या लाटत असे. इंजिन गरम होऊ द्यावे, ही शिकवण त्यांच्या पहिल्या, जुन्या गाडीतून आली होती. तिला चोक ओढून तापवावे लागे. या गाडीला त्याची गरज नव्हती, असे चाचांनी त्यांना किती वेळा सांगितले होते. "साहब चाय पीते, तो गाडी भी पीती," असे ते चिडवत. वडील म्हणत, पिऊ दे, तिलाही काम आहे दिवसभर. चहा संपला की डबा उचलून ते निघत, आणि फाटकाबाहेर वळणावर आवाज बदले.

आई वर्षभर रोज सकाळी गाडी चालू करत होती आणि तिच्या आवाजात पोळ्या लाटत होती.

दुसऱ्या दिवशी मी चाचांच्या गॅरेजवर गेले आणि त्यांना हे सांगितले. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. बराच वेळ ते कापडाला हात पुसत राहिले.

"उनकू नक्को बोलो," ते शेवटी म्हणाले. "मैं प्लग बदल देता. थ्रॉटल साफ कर देता. गाडी मक्खन हो जाएगी. सात-आठ महिने में फिर काला होगा, मैं आके फिर बदल दूँगा. तुम फॉरेन में रहो आराम से. भाभी को क्या पता चलता."

"तेलाचं काय? तेलात पेट्रोल उतरतंय. इंजिन आतून झिजेल."

"झिजू द्या. किसके लिए बचाना है?"

ते जे सुचवत होते ती फसवणूक होती, आणि माझ्या मुद्द्यांपेक्षा ती जास्त माणुसकीची होती, हे मला त्याच वेळी कळत होते. पण मी आईला शब्द दिला होता तो गाडी नीट करण्याचा, नीट झाल्यासारखी दाखवण्याचा नव्हे. आणि आणखी एक कारण होते: एक दिवस इंजिन आतून खरेच बसेल, त्या सकाळी आई घरात एकटी असेल आणि काय झाले ते तिला कधीच कळणार नाही. हे मी चाचांना बोलून दाखवले. ते म्हणाले, "तुम्हारी माँ है, बेटा. तुम जानो," आणि नवे प्लग आणायला मुलाला फोन लावला.

प्लग बदलले, इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडीतला काळा चिकटा धुऊन काढला, तेल बदलले. टाकीच्या तळाशी उरलेले वर्षभराचे जुने पेट्रोल काढून टाकावे असे माझे म्हणणे होते. आईने खिडकीतून ऐकले. "ते राहू द्या," ती म्हणाली, "वरून नवं घाला." चाचांनी माझ्याकडे न पाहता मान डोलावली. त्यांनी तसेच केले.

मग मी गाडी दौलताबादच्या घाटावर नेली. चाचा शेजारी बसले होते. सपाटीवर इंजिन अजून किंचित अडखळत होते. चढ लागला, मी मुद्दाम खालच्या गिअरमध्ये ठेवून इंजिनावर भार येऊ दिला, आणि हळूहळू तो अडखळलेपणा निघून गेला. वर पोचून मी गाडी कडेला घेतली आणि न्यूट्रलमध्ये सोडली. काटा स्थिर होता. माळ हलत नव्हती. चाचांनी काच खाली करून ऐकले आणि "अल्हम्दुलिल्लाह" म्हटले. मी किल्ल्याच्या टेकडीकडे पाहत राहिले. निदान पूर्ण झाले होते, उपचारही झाला होता, आणि आता मला घरी जायचे होते.

आई ओट्यापाशी होती. तवा तापत होता. वडिलांच्या स्टुलावर बसायचे मी टाळले. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले.

"झाली?" तिने विचारले. "आवाज ऐकला मी. बंदच झाली का काय असं वाटलं, इतकी शांत आली."

"झाली. काय बिघडलं होतं तेही कळलं."

"काय?"

"थंड इंजिनात पेट्रोल जास्त जातं, आई. ते सगळं जळत नाही. त्याची काजळी प्लगवर बसते. गाडी रस्त्यावर पळाली की प्लग चांगले तापतात आणि काजळी आपोआप जळून जाते. उभ्या गाडीत ते तेवढे तापत नाहीत. काजळी साचत जाते."

ती लाटत होती. माझ्या शोधनिबंधाबद्दल मी सांगायचे तेव्हा ऐकायची तशीच ती ऐकत होती, मन लावून, मध्ये न बोलता.

"रोज चालू केली तरी?"

"रोज चालू केल्यामुळंच."

लाटणे थांबले. तिने पोळी उचलली, तव्यावर टाकली, आणि पदराला हात पुसले.

"म्हणजे मीच बिघडवली व्हय."

या प्रश्नासाठी मी येताना रस्त्यात तीन वाक्ये तयार केली होती. तिन्हींतले एकही वापरण्याजोगे नव्हते. "तुला माहीत नव्हतं," मी म्हणाले.

"तुझे बाबा बी असंच करायचे की. इतकी वर्षं. तेव्हा नाय बिघडली."

"बाबा त्यानंतर निघायचे, आई."

ती माझ्याकडे पाहत होती. मग तिची नजर माझ्यावरून खिडकीकडे गेली आणि तिथे थांबली.

"हां," ती म्हणाली. "ते निघायचे."

तव्यावरची पोळी करपली. तिने ती काढली, बाजूला ठेवली, गॅस बंद केला आणि ओट्याला दोन्ही हात टेकून उभी राहिली. मी जवळ गेले नाही. जावे असे वाटत होते; पण आता जवळ जाणे म्हणजे बोललेले परत घेणे झाले असते.

थोड्या वेळाने मी तिच्यापुढे पर्याय ठेवले, कारण पर्याय ठेवणे मला येते. मी जाण्याआधी तुला गाडी शिकवते, गारखेड्याच्या मैदानावर सकाळी गर्दी नसते. किंवा ड्रायव्हर सांगू, आठवड्यातून एकदा दौलताबादपर्यंत फिरवून आणेल.

"मी त्या शिटावर बसत नाय," ती म्हणाली. "चावी बी बाहेरूनच हात घालून फिरवते. चाकाला दगड असतो." आणि मग: "परका माणूस चालवणार, त्यापेक्षा काकांनी का नाय चालवावी."

"तू म्हणाली होतीस, नीट झाली तर ठेवणार."

"नीट ठेवायची तर पळवायला पायजे ना. तूच सांगितलंस."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला ते सोपे गेले असते. ती माझ्या पुराव्यावरून माझ्याच पद्धतीने निष्कर्षाला पोचली होती, आणि त्यात मला एकही दोष दाखवता येत नव्हता.

काका रविवारी आले. बसने आले, नवा सदरा घालून, नारळ घेऊन. चाकापुढे नारळ फोडायला निघाले तेव्हा आई म्हणाली, "नवी थोडीच हाय," आणि त्यांनी तो तसाच तिच्या हातात दिला. मला ते म्हणाले, "बाई, लोकं परदेशी जाताना स्वेटरं घेत्यात. तू पाने घेऊन बसलीस." मी त्यांना समजावले की गाडी उभी करून तापवू नका, चालू केली की हळूहळू निघा. "उभं ऱ्हायला येळ कुणाला हाय," ते म्हणाले, आणि मग वहिनीकडे बघून सदऱ्याची बाही सारखी करू लागले.

"जपून चालवा," आई म्हणाली.

"व्हय, वहिनी. दादाचीच हाय. तुम्ही म्हणाल तव्हा घेऊन येईन. फोन करा, लगेच येतो."

"नका आणू," आई म्हणाली. "तिकडंच चालवा."

त्यांनी चावी फिरवली. इंजिन लागले, एकसंध, शांत. आधी कसा सलग यायचा असे आई म्हणाली होती, तो आवाज हाच होता. आणि तो लागला तशी ती आत निघून गेली. काकांनी पहिला गिअर टाकला. मी दौलताबादच्या फाट्यापर्यंत त्यांच्याबरोबर गेले, चढावर कुठला गिअर ठेवायचा ते दाखवले, फाट्यावर उतरले आणि रिक्षा करून परतले.

आई पुढच्या खोलीत बसली होती. ओट्यावर कणीक मळून झाकून ठेवलेली होती. "आज भातच करू का?" तिने विचारले. आम्ही भात खाल्ला. रात्रीही भात झाला, आणि दुसऱ्या दिवशीही. कणीक तिने शेवटी शेजारच्या काकूंना दिली.

त्याच आठवड्यात तिने पोळ्यांना बाई लावली. काकू कुंपणावरून म्हणाल्या, एकटीच्या दोन पोळ्यांना कशाला बाई, मीच देत जाईन की. आई म्हणाली, "सांधे दुखतात हो आता. लाटणं होत नाय." तिचे सांधे दुखत असल्याचे मी कधी ऐकले नव्हते. मी विचारले नाही. कारणे विचारायची मला सवय आहे, पण हे एक कारण मला पडताळून पाहायचे नव्हते.

आता मी इथून तिला रोज फोन करते. तिकडे दुपार असते, इकडे माझी सकाळ. ती काकांची खबर सांगते: गाडी कन्नडला नेली होती, गावाकडच्या काकूला तिच्यातून दवाखान्यात नेले होते, चढावर चांगली ओढते म्हणतात. मी विचारते, जेवलीस का. परवा ती म्हणाली, जेवले, पण ती बाई पोळ्या लई जाड करती, कडा कच्च्याच राहतात.

"मग सांग ना तिला, आई. एकदा सांगितलंस की नीट करेल."

पलीकडे ताट ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला.

"नको," आई म्हणाली. "सांगितलं तर ती करायचंच सोडंल. करू दे तिला, करती तशी."